पाणी ओतले, आम्ल फुटले : एका नियमाची चाळीस वर्षे

#धागा

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन चंचुपात्रे आहेत असे समजा. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसिटिक आम्ल. दोन्हींची संहती सारखीच, लिटरमागे ०.१ मोल. पहिल्याचा सामू सुमारे १, दुसऱ्याचा सुमारे २.९. आता दोन्ही द्रावणे पाणी घालून दहापट विरल केली, तर पहिल्याचा सामू १ वरून २ वर जातो. दुसऱ्याचा मात्र ३.४ च्या आसपासच थांबतो. पुन्हा दहापट विरल केली, तर पहिला ३ वर, दुसरा ३.९ वर. पाणी तेवढेच घातले, मग एक आम्ल पूर्ण पायरी चढते आणि दुसरे अर्धीच, असे का?

आज याचे उत्तर अकरावी-बारावीच्या पुस्तकात चार ओळींत मिळते. ते हाती लागण्यास मात्र १८८४ ते १९२४ अशी चाळीस वर्षे जावी लागली. या काळात एका तरुणाची विद्यापीठीय कारकीर्द सुरू होण्याआधीच संपण्याच्या बेतात आली, रसायनशास्त्रज्ञांत उघड तट पडले, आणि ज्या नियमाने सौम्य आम्लांचे कोडे सोडवले तोच नियम तीव्र आम्लांपुढे सपशेल फसला.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवणे आवश्यक आहे. बोलताना आम्ल 'कडक' आहे असे म्हटले, की त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळतात. द्रावणात आम्ल किती आहे, हा एक प्रश्न; त्यासाठी शास्त्रीय मराठीत संहत आणि विरल ही जोडी आहे. जेवढे आम्ल आहे त्यातील किती रेणू फुटून हायड्रोजनचा आयन मोकळा करतात, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी तीव्र आणि सौम्य ही जोडी. पाणी घातल्याने संहत आम्ल विरल होते. तीव्र आम्ल सौम्य होत नाही. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात तो सामू या दोन्ही गोष्टींच्या एकत्रित परिणामाचे माप आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या माती परीक्षण अहवालात छापलेला सामूही हाच. तिथेही मातीत पाणी किती मिसळायचे याचे प्रमाण, एकास अडीच, आधीच ठरवून दिलेले असते. कारण पाणी बदलले की आकडा बदलतो.

१८८० च्या सुमारास आम्लाचा 'जोर' म्हणजे नेमके काय, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. अनुभव सर्वांना होता. हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचा तुकडा टाकला की वायूचे बुडबुडे उसळतात, ॲसिटिक आम्लात तो संथपणे झिजतो. पण समान संहतीच्या दोन्ही आम्लांचे उदासिनीकरण करायला अल्कली मात्र अगदी सारखीच लागते. एका कसोटीवर दोघे बरोबरीचे, दुसऱ्या कसोटीवर दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. रसायनशास्त्रज्ञ यासाठी 'आसक्ती' असा काहीसा काव्यमय शब्द वापरत आणि पुढे जात. डेन्मार्कच्या ज्युलियस थॉमसन यांनी उदासिनीकरणातील उष्णता मोजून या आसक्तीला आकडा देण्याचा प्रयत्न केला होता. रशियन साम्राज्यातील रीगा शहरात विल्हेल्म ओस्टवाल्ड हे तरुण प्राध्यापक दुसऱ्या वाटेने निघाले होते. साखरेच्या द्रावणात किंवा मिथिल ॲसिटेटमध्ये निरनिराळी आम्ले घालायची आणि विघटनाची क्रिया कोणत्या आम्लामुळे किती वेगाने होते ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत. काम चिकाटीचे आणि कंटाळवाणे. पण त्यातून आम्लांची एक भरवशाची क्रमवारी तयार होत होती. त्या क्रमवारीचे कारण मात्र त्यांनाही माहीत नव्हते.

ते कारण स्वीडनमध्ये, एका विद्यार्थ्याच्या वहीत तयार होत होते. स्वान्ते अऱ्हेनिअस यांचा जन्म १८५९ चा, उप्साला शहराजवळचा. उप्साला विद्यापीठातील शिक्षणाने समाधान न झाल्याने १८८१ साली ते स्टॉकहोमला, विज्ञान अकादमीतील भौतिकशास्त्रज्ञ एरिक एडलुंड यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी अत्यंत विरल द्रावणांतून वीज किती सहज वाहते हे मोजण्यास आरंभ केला. मोजण्याचे तंत्र जर्मनीत फ्रीडरिश कोलराउश यांनी सिद्ध करून ठेवले होते. सरळ विद्युतप्रवाह सोडला तर पट्ट्यांवर वायू जमून मापन बिघडते, म्हणून कोलराउश यांनी प्रत्यावर्ती प्रवाह वापरला. आणि समतोल साधला की नाही हे चक्क टेलिफोनच्या श्रवणयंत्राला कान लावून ऐकले. आवाज मंदावला की मापन जुळले!

या मापनांत एक विचित्र गोष्ट दिसत असे. द्रावणात पाणी वाढवले की एकूण वाहकता कमी होते, यात नवल नाही. पण ती आम्लाच्या प्रत्येक मोलामागे काढली, तर विरल करता करता वाढत जाते. आजच्या एककांत सांगायचे, तर ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलमागे वाहकता ३९१ आहे आणि अमर्याद पाणी घातल्यावर ती ४२६ पर्यंत पोहोचते, वाढ मामुली. ॲसिटिक आम्लाची मात्र ०.१ मोलार द्रावणात फक्त ५.२, आणि गाठायची मर्यादा ३९१ च्या घरात. मर्यादा जवळपास सारख्याच. प्रारंभ मात्र कुठल्या कुठे.

अऱ्हेनिअस यांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की द्रावणातील सर्व रेणू वीज वाहून नेण्याच्या कामी येत नाहीत. काही 'क्रियाशील' असतात, उरलेले 'निष्क्रिय'. पाणी वाढवले की निष्क्रिय रेणू क्रियाशील होऊ लागतात. आणि वीज वाहून नेणारा हा क्रियाशील भागच आम्लाची रासायनिक करामतही करतो. म्हणजे वाहकता मोजा, आम्लाचा जोर कळेल. रेणू मुळात आयनांत फुटलेलेच असतात, हे विधान अनेक लोकप्रिय कथनांत याच प्रबंधाच्या माथी मारले जाते. १८८४ च्या प्रबंधात ते इतक्या स्पष्टपणे नाही. त्यासाठी आणखी तीन वर्षे लागली.

प्रबंध फ्रेंच भाषेत, सुमारे दीडशे पृष्ठांचा. उप्सालातील परीक्षकांना तो रुचला नाही. रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर टेओडोर क्लेव्हे हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. होल्मियम आणि थुलियम या मूलद्रव्यांचे शोध त्यांच्या नावावर आहेत. परंतु नवी मूलद्रव्ये वेगळी काढणाऱ्या त्या पिढीला, कोणताही नवा पदार्थ न सापडता केवळ आकड्यांवरून उभारलेला सिद्धांत हे रसायनशास्त्रच वाटत नव्हते. आपण वाहकतेचा नवा सिद्धांत मांडतो आहोत असे सांगताच क्लेव्हे यांनी 'फार छान' म्हणून निरोप दिला, अशी आठवण अऱ्हेनिअस यांनी पुढे सांगितली. प्रबंधाला चौथ्या श्रेणीचा शेरा मिळाला, बचावाच्या भाषणाला तिसऱ्या. नापास नव्हे, पण अशा शेऱ्यावर विद्यापीठात शिकवण्याची पात्रता मिळण्याची आशा जवळपास संपली.

पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाने मग प्रबंधाच्या प्रती परदेशी धाडल्या. क्लाउझियस, लोथार मायर, व्हान्ट हॉफ, आणि रीगाचे ओस्टवाल्ड. १८८४ च्या जून महिन्यातील एकाच दिवशी आपल्याला दातदुखी, एक कन्यारत्न आणि अऱ्हेनिअस यांचा प्रबंध अशा तीन गोष्टी लाभल्या, असे ओस्टवाल्ड पुढे सांगत. पहिल्या दोहोंचा निकाल लवकर लागला. तिसरीने झोप उडवली. कारण वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले, की साखरेच्या विघटनावरून वर्षानुवर्षे खपून मिळवलेली आपली क्रमवारी आणि या अनोळखी माणसाची वाहकतेवरची क्रमवारी एकच आहे. त्यांनी लगेच उपकरणे जमवली, हाताशी असलेल्या आम्लांची वाहकता मोजली आणि दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या. त्या जुळल्या.

ऑगस्टमध्ये ओस्टवाल्ड स्वतः उप्सालाला जाऊन थडकले आणि त्यांनी अऱ्हेनिअस यांना रीगात जागा देऊ केली. परदेशी प्राध्यापक ज्याला भेटायला समुद्र ओलांडून येतो त्याला आपण चौथी श्रेणी दिली, हे उप्सालाला अवघड झाले असावे. वडिलांच्या आजारपणामुळे अऱ्हेनिअस यांना लगेच रीगाला जाणे शक्य नव्हते. पण त्याच वर्षअखेरीस उप्सालानेच त्यांना अध्यापनाची मान्यता दिली. १८८६ पासून अकादमीच्या प्रवासवृत्तीवर ते रीगा, व्युर्त्सबुर्ग, ग्रात्स, अॅमस्टरडॅम असे फिरले. म्हणजे अनुक्रमे ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्समान आणि व्हान्ट हॉफ. त्या काळात याहून चांगली शाळा युरोपात नव्हती.

निर्णायक दुवा व्हान्ट हॉफ यांच्या कामात होता. विरल द्रावणातील पदार्थ वायूसारखे नियम पाळतात, हे त्यांनी दाखवले होते. परंतु मीठ आणि आम्ले यांच्याबाबत आकडा अपेक्षेच्या जवळपास दुप्पट येई आणि त्यासाठी त्यांना एक दुरुस्तीचा गुणक घालावा लागे. अऱ्हेनिअस यांना त्याचा अर्थ उमगला. कण दुप्पट आहेत, कारण रेणू फुटलेले आहेत. १८८७ साली ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी सुरू केलेल्या भौतिक रसायनशास्त्राच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात हा लेख आला आणि आयनांचा सिद्धांत पूर्ण रूपात जगासमोर आला.

विरोध झाला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. मिठाच्या पाण्यात सोडियम आणि क्लोरीन सुटे फिरतात म्हणता? सोडियम पाण्यात पडताच पेट घेतो, क्लोरीन हिरवट विषारी वायू आहे. मग मीठ-पाण्याचा घोट निर्धोक कसा? विद्युतभार असलेला आयन आणि भाररहित अणू यांत फरक आहे, हे उत्तर आज सोपे वाटते. पण त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग यांनी 'आयनवाल्यां'ची दशकानुदशके थट्टा केली, रशियात मेंडेलीव्हही राजी नव्हते. आणखी एक गंमत अशी, की आयनांचा सर्वांत मोठा प्रचारक ओस्टवाल्ड यांचा स्वतःचा अणूंवर विश्वास नव्हता. तो बसायला १९०८ उजाडावे लागले.

ओस्टवाल्ड यांनी थट्टेला गणिताने उत्तर दिले. १८८८ सालचा त्यांचा विरलतेचा नियम हा या साऱ्या कथेचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

सौम्य आम्लाचा रेणू फुटणे हे एकट्याचे काम आहे. फुटलेले दोन तुकडे पुन्हा जुळणे हे मात्र दोघांचे काम; त्यासाठी दोघांची गाठ पडली पाहिजे. आता पाणी घालून जागा दहापट केली. प्रत्येक रेणूच्या फुटण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही. सुट्या तुकड्यांची परस्परांशी गाठ पडणे मात्र अवघड होते; जत्रेत हरवलेली दोन माणसे मैदान मोठे झाले की लवकर भेटत नाहीत, तसेच. फुटणे चालू राहते, जुळणे मंदावते आणि नवा तोल अधिक फुटलेल्या अवस्थेत साधला जातो. फुटलेल्या भागाचा वर्ग, गुणिले संहती, भागिले न फुटलेला भाग ही राशी त्या आम्लापुरती कायम राहते, असा ओस्टवाल्ड यांचा नियम.

ॲसिटिक आम्लासाठी हा स्थिरांक ०.००००१८ च्या आसपास आहे. १ मोलार द्रावणात दर हजारी जेमतेम ४ रेणू फुटलेले, ०.१ मोलारमध्ये शेकडा १.३, ०.०१ मध्ये शेकडा ४, ०.००१ मध्ये शेकडा १२, आणि ०.०००१ मध्ये शेकडा ३४. वर दिलेल्या वाहकतेशी ताडून पाहावे : ५.२ ला ३९१ ने भागले की शेकडा १.३ हेच उत्तर येते. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच आकड्यावर पोहोचणे, हे थट्टेपेक्षा वजनदार होते. ओस्टवाल्ड यांनी दोनशेहून अधिक सेंद्रिय आम्लांवर हा नियम तपासला आणि प्रत्येकाचा स्थिरांक काढून ठेवला.

आरंभीच्या अर्ध्या पायरीचे रहस्य यातच आहे. दहापट पाणी घातले की आम्ल दहापट पसरते, पण फुटण्याचे प्रमाण सुमारे ३.२ पट, म्हणजे दहाच्या वर्गमुळाइतके वाढते. त्यामुळे हायड्रोजन आयनांची संहती दहापट न घटता ३.२ पटच घटते आणि सामू अर्ध्याने वाढतो. हायड्रोक्लोरिक आम्लाकडे अशी शिल्लक नाही. जे फुटायचे ते आधीच फुटलेले. पाण्याने केवळ पांगापांग होते आणि सामू पूर्ण एकाने वाढतो. सौम्य आम्लाचे वागणे एखाद्या सावध कुटुंबासारखे आहे. रोकड कमी झाली की ठेव मोडायची.

पण एक सावधगिरी. सौम्य आम्ल पाण्याने अधिक फुटते, म्हणून द्रावण अधिक आम्लधर्मी होते असे कोणी समजू नये. फुटण्याची टक्केवारी वाढते, आयनांची लिटरमागे संख्या घटतेच. सामू दोन्ही आम्लांचा वरच जातो, वेग निराळा. विद्यार्थी आजही हमखास अडखळतात ते इथेच.

आयनवाद्यांचा विजय मात्र अर्धाच होता. तोच नियम हायड्रोक्लोरिक आम्लाला लावून पाहा. ०.१ मोलार द्रावणाच्या वाहकतेवरून 'स्थिरांक' साधारण १ येतो, ०.००१ मोलारवरून काढला, तर ०.०९ च्याही खाली. ज्याला स्थिर राहायचे होते तो दहापटीहून अधिक ढळला. मीठ, पोटॅशियम क्लोराइड, नायट्रिक आम्ल, सर्वांची हीच कथा. जी आम्ले आणि क्षार सर्वांत उत्तम वीज वाहत, ज्यांच्यासाठी आयनांची कल्पना सर्वांत शोभून दिसे, नेमका त्यांनाच नियम लागू पडेना. पाठ्यपुस्तके याला 'तीव्र विद्युत अपघटनी पदार्थांची विसंगती' असे भारदस्त नाव देऊन मोकळी झाली. १९०३ साली अऱ्हेनिअस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विसंगती तशीच राहिली.

१९०९ हे साल या कथेत फार गजबजलेले आहे. ओस्टवाल्ड यांना उत्प्रेरण आणि रासायनिक समतोल यांवरील कामासाठी नोबेल मिळाले ते त्याच वर्षी. आणि कोपनहेगन या एकाच शहरातून दोन निराळ्या दिशांनी दोन नव्या गोष्टी पुढे आल्या.

पहिली बिअरच्या कारखान्याशी निगडित. जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ साली स्थापन केलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन हे रसायन विभागाचे प्रमुख होते. ते विकरांचा, म्हणजे जैविक उत्प्रेरकांचा, अभ्यास करीत. विकरांचे काम आम्लतेवर अवलंबून असते, पण कोणत्या आम्लतेवर? तोवर संशोधक 'अमुक इतके आम्ल घातले' एवढेच नोंदवत. प्रथिनांनी गजबजलेल्या द्रावणात घातलेल्या आम्लाचा मोठा भाग गिळला जातो. शिवाय आम्ल सौम्य असेल तर घातलेले किती आणि फुटलेले किती यांचा मेळ नसतो. सोरेन्सन यांनी ठामपणे सांगितले, की घातलेले आम्ल नव्हे, मोकळे हायड्रोजन आयन मोजले पाहिजेत. ते आकडे इतके लहान, की शून्ये मोजतानाच चूक व्हावी. म्हणून त्यांनी दहाच्या घातांकाचे ऋणचिन्ह काढून टाकले आणि उरलेली संख्या लिहिण्याची प्रथा पाडली. तोच पीएच, तोच सामू. त्यातील 'पी' हे अक्षर कशाचे, यावर आजही वाद आहे. घात या अर्थाचा शब्द जर्मन, फ्रेंच आणि डॅनिश तिन्ही भाषांत त्याच अक्षराने सुरू होतो, हे खरे. पण सोरेन्सन यांनी स्वतः तसा खुलासा केलेला नाही.

या मोजपट्टीने विरलतेचे आणखी दोन चमत्कार उघड्यावर आणले. एक म्हणजे बफर द्रावण. ॲसिटिक आम्ल आणि त्याचा क्षार समप्रमाणात मिसळला, तर सामू ४.७ च्या आसपास येतो. आणि ते मिश्रण दहापट विरल केले तरी जागचा फारसा हलत नाही, कारण तो आम्ल व क्षार यांच्या गुणोत्तरावर ठरतो आणि पाण्याने गुणोत्तर बदलत नाही. लॉरेन्स हेंडरसन यांनी हा संबंध १९०८ साली मांडला होता. कार्ल हासेलबाल्क यांनी रक्ताचा अभ्यास करताना १९१६ साली तो सोरेन्सन यांच्या घातांकांच्या भाषेत लिहिला. तिन्ही वाटा इथे एकत्र पाहाव्यात : पाण्याने तीव्र आम्ल एक पायरी चढते, सौम्य अर्धी, बफर जवळपास शून्य.

दुसरा चमत्कार म्हणजे पाण्याची स्वतःची मर्यादा. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल करत करत लिटरमागे ०.०००००००१ मोल इथपर्यंत नेले, तर हिशेबाने सामू ८ यायला हवा. म्हणजे आम्लात पाणी घालून ते अल्कधर्मी झाले! अर्थात तसे होत नाही. कोलराउश आणि हाइडवाइलर यांनी १८९४ साली पराकाष्ठेने शुद्ध केलेल्या पाण्यातही थोडी वाहकता शिल्लक राहते हे दाखवले होते. पाणी स्वतःही किंचित फुटलेले असते. २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे एक कोट्यंश मोल हायड्रोजन आयन पाण्याचेच असतात. त्यापुढे आम्लाचा वाटा नगण्य ठरून सामू ६.९८ वर येतो. ७ ओलांडत नाही.

कोपनहेगनची दुसरी गोष्ट अधिक क्रांतिकारक होती, पण तिला कोणी फारसे कान दिले नाहीत. नील्स ब्येरुम यांनी क्रोमियमच्या क्षारांच्या रंगछटा तपासल्या आणि द्रावण विरल केले तरी रंग बदलत नाही हे दाखवले. निरनिराळ्या प्रमाणात फुटलेले रेणू असते तर रंग बदलायला हवा होता. म्हणून तीव्र पदार्थ सर्व संहतींत पूर्णच फुटलेले असतात, असे त्यांनी सुचवले. मग मोलमागे वाहकता कमी-जास्त का होते? आयन सुटे असले तरी परस्परांना ओढतात, म्हणून.

या ओढीचे गणित करण्याचा एक धाडसी प्रयत्न कोलकात्यात झाला. ज्ञानचंद्र घोष हे मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांचे प्रेसिडेन्सी कॉलेजातील समकालीन, प्रफुल्लचंद्र राय यांचे विद्यार्थी. १९१८ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. पहिले महायुद्ध चालू होते, युरोपातील प्रयोगशाळा युद्धकार्यात गुंतलेल्या होत्या, आणि राजाबाजारच्या सायन्स कॉलेजातील विशीतला हा तरुण अऱ्हेनिअस यांच्या अर्धवट विचरणाच्या कल्पनेला आव्हान देत होता. तीव्र पदार्थ पूर्ण फुटलेले असतात, आणि द्रावणातही आयन स्फटिकातल्यासारखे विशिष्ट अंतरावर रचलेले असतात, असे त्यांनी गृहीत धरले. विद्युत आकर्षणाचे काम हिशेबात घेतले आणि वाहकता संहतीच्या घनमुळाबरोबर बदलते असे सूत्र काढले. कित्येक मापनांशी ते चांगले जुळले आणि युरोपातही त्याची चर्चा झाली.

घोष यांच्या मांडणीत दोष होते. द्रवातील आयन उष्णतेने सतत धडपडत असतात, ते स्फटिकासारखे जागच्या जागी बसत नाहीत. आणि अतिविरल द्रावणांत वाहकता घनमुळाने नव्हे, वर्गमुळाने बदलते, हे कोलराउश यांच्या मापनांतून आधीच दिसले होते. १९२३ साली झुरिकमध्ये पीटर डिबाय आणि एरिश ह्यूकेल यांनी रचनेऐवजी मेघाची कल्पना केली. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांची विरळ दाटी असते. ती सतत मोडते आणि सतत जमते. या मेघाचा हिशेब केला की वर्गमुळाचा नियम आपोआप बाहेर पडतो. विसंगतीचे कोडे सुटले. घोष यांचे नाव त्यानंतर पाठ्यपुस्तकांतून भराभर मागे पडले. त्यांचे उत्तर चुकले होते, प्रश्न मात्र योग्य होता, आणि एवढी नोंद तरी मराठी-इंग्रजी क्रमिक पुस्तकांत राहायला हरकत नव्हती. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

अऱ्हेनिअस यांनी पूर्ण विचरणाची ही कल्पना मनापासून कधीच स्वीकारली नाही. क्लेव्हे यांच्या पिढीने त्यांच्याशी जे केले, त्याची सावली इथे दिसते. १९२७ साली त्यांचे निधन झाले.

मेघाच्या या कल्पनेने सोरेन्सन यांच्या मोजपट्टीलाही धक्का दिला. मेघात वेढलेला आयन पूर्ण मोकळा नसतो. तो मोजणीत एक असला तरी कामात एकाहून कमी भरतो. तेव्हा सामू आयनांच्या संख्येवरून ठरवायचा की त्यांच्या प्रभावी संख्येवरून? १९२४ साली सोरेन्सन यांनी काय लिंडरस्ट्रॉम-लांग यांच्यासह व्याख्या बदलली आणि प्रभावी संख्या, म्हणजे आयनांची क्रियाशीलता, आधाराला घेतली. आजची अधिकृत व्याख्या त्याच पायावर उभी आहे.

त्यामुळे आरंभीच्या पहिल्या चंचुपात्राचा सामू प्रत्यक्षात नेमका १ नसतो. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात आयनांची क्रियाशीलता त्यांच्या संख्येच्या शेकडा ८० इतकीच भरते आणि सामू १.१ येतो. दहापट विरल केल्यावर तो २.०४, आणखी दहापट केल्यावर सुमारे ३.०२. पाणी वाढते तसतसे आयन दूर जातात, मेघ विरळ होतो, आणि आकडे पुस्तकातील १, २, ३ च्या जवळ सरकत जातात.